लाव गं!

दिघीत लाईट गेल्याचं कुणाला काय न्हाय. भीती असते ती परत येण्याची. खाऱ्या वाऱ्यानं खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्यांवर मीठ बसतं, हवा दमट झाली की चरचर ठिणग्या उडतात न् लाईट गुल. येते ती उसळी मारूनच. बल्ब पांढराफेक भडकतो, मंदावतो, मग ठरतो. तेवढ्यात ज्याची पिन लावलेली राहिली त्याचा फ्रीज गेलाच समजा.

म्हणून समदमामूंच्या घरात कामं वाटलेली. लाईट गेली की फिरोजामामी सगळ्या पिना उपटायची, मामू ओटीवर बल्बाखाली बसायचे. बल्ब ठरला की आरोळी, "लाव गं!"

आतनं मामी, "नक्की ठरला ना? मागं तुमच्या घाईनं माझा मिक्सर खाल्लात."

तबरेज कुवेतवरनं सांगायचा, "अब्बा, स्टेबिलायझर घ्या की."

"तुझी अम्मी काय कमी हाय?" मामू म्हणायचे.

रमजानच्या आधी मामी गेली. फ्रीजरात तिच्या हातच्या वाटणाचा एक डबा राहिला. मामू दार उघडून बघायचे, हात लावायचे न्हाईत.

शेजारची तुळशी म्हणाली, "चाचा, कालवणाला घ्या ते, न्हायतर मला द्या."

"तुझ्या नवऱ्यानं आमच्या माडाचे नारळ नेलेत ना, त्यांचं वाट." मामू हसले. डबा दिला न्हाय.

मग एका दुपारी लाईट गेली. मामू सवयीनं ओटीवर जाऊन बसले, नजर बल्बावर. बल्ब भडकला, मंदावला, ठरला. मामूंनी आरोळी दिली, "लाव गं!"

आतनं आवाज न्हाय. जळका वास तेवढा आला.

पिन जाग्यावरच होती. उपटायचं काम मामूंचं कधी नव्हतंच.

तुळशी धावत आली. "चाचा, डबा द्या, माझ्या फ्रीजात ठेवते."

मामू डबा पोटाशी धरून उभे. बाजूनं पाणी सुटलेलं. मग म्हणाले, "नको गं. तुझ्याकडं पण लाईट हीच."

तिलाच बांगडे आणायला धाडलं, न् चुलीपाशी स्वतः उभे राहिले. मीठ जास्त पडलं. वाटण मामीचंच होतं. वाटीभर तुळशीला दिलं, बाकीचं भाकरीनं पुसून खाल्लं, पातेलंसुद्धा.

तबरेजनं नवा फ्रीज पाठवलाय. आता लाईट गेली की मामू आधी पिन उपटतात, मग ओटीवर येऊन बसतात. बल्ब ठरतो. तोंड उघडतं, मिटतं. गुडघ्यावर हात देऊन उठतात न् आत जातात.