ट्रेलरच्या पुढे

हे मी अनघाला, माझ्या बायकोला, आजवर सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरचं दुसरं वर्ष. आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहायचो, माझं ऑफिस शहरात तोयोसुला. एका रविवारी दुपारी मित्राकडे जेवून गाडीनं हायवेवरून परत येत होतो. पाऊस होता. अनघाला शेजारी डुलकी लागलेली, मागच्या सीटवर सात वर्षांची ईशा. आमचा एक्झिट एकदम समोर आला आणि मी मधल्या लेनमध्ये. डावीकडे कंटेनर लादलेला लांबलचक ट्रेलर. पुढच्या एक्झिटनं गेलो असतो तर काय बिघडलं असतं? थोडा उशीर. मी त्याच्या तोंडासमोर घुसलो — आणि पुढे रांग दिसली म्हणून वर ब्रेकही दाबला.

आरशात दिसलं ते असं: त्यानं करकचून ब्रेक मारला, केबिन थांबायला लागली, पण मागचा कंटेनर थांबेना. तो बाजूनं फिरत पुढे आला, चाकू मिटतो तसा, आणि केबिन कठड्यावर चेपली. आवाजानं अनघा दचकून उठली. मी तोवर एक्झिटला लागलो होतो. थांबलो नाही.

"ट्रक घसरला," मी म्हणालो. "थोडक्यात वाचलो."

मागून ईशा जपानीत म्हणाली, "पण बाबा, आपणच मध्ये घुसलो ना?"

"नाही गं. तुला नीट दिसलं नाही."

पळालो ते घाबरून, असं कुणी म्हणेल. पण हे वाक्य? ते मी अगदी शांतपणे बोललो.

संध्याकाळी बातम्यांत आलं. ड्रायव्हर वाचला, एक पाय गेला. ओल्या रस्त्यावर वेग जास्त असावा, असा पोलिसांचा अंदाज. म्हणजे चूक त्याचीच ठरली — आणि मी ठरू दिली.

गेल्या वर्षी ईशा ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली. जेवताना आम्हाला समजावत होती, जड गाडीला एकदम ब्रेक मारावा लागला की मागचा भाग पुढच्याला ढकलतो, म्हणून ट्रेलरच्या पुढे कधी घुसायचं नाही. अनघानं लगेच आमची वाचल्याची गोष्ट काढली. दिवाळीला पाहुणे आले की ती सांगतेच. ईशा हसली. म्हणाली, "मला कितीतरी वर्षं वाटायचं, बाबाच मध्ये घुसले. लहानपणी मला काहीही दिसायचं."

मी भाताचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

तिला बरोबर दिसलं होतं. त्या संध्याकाळी बातमीत ड्रायव्हरचं नाव सांगायला लागले, तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.