सासूबाईंचा मोह

माझ्या शहाणपणाच्या गोष्टी आमच्या गावात पुष्कळ आहेत. बहुतेक मीच पसरवल्या आहेत. ही एक तेवढी आपोआप पसरली, आणि इतकी, की मी माहेरी गेले तर ती तिथं माझ्या आधी पोचलेली. दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. तिखट मी कमी घालते असं नाही, पण निदान हात माझा.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणायचे. मुलचेऱ्याकडच्या रानातल्या आमच्या गावात वाचता येणारी बाई एकच होती. कोण ते विचारू नका, समजून घ्या. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. दुकानातून गूळ ज्या कागदात बांधून यायचा, त्या कागदांवर अक्षरं लावत लावत शिकले. म्हणून माझ्या विद्येला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि मुंग्या फार. पण अभिमान? अहो, अभिमानाला पूर्ण पान लागत नाही.

एका चैत्रात गावात एक महाराज आले. पुण्याकडचे, पुस्तकी बोलणारे, अंगानं काटक. मारुतीच्या देवळात उतरले. सकाळी योगासनं शिकवीन म्हणाले, संध्याकाळी चार शब्द सांगीन. मन मोकळं कसं ठेवावं, आहे त्यात सुखानं कसं राहावं. त्यांचं बोलणं गावाला कळेना आणि गावाचं त्यांना. मग समजावून सांगायला मध्ये मी. कोणी बसवलं नव्हतं, मीच बसले.

पहिल्या सकाळी महाराज घोंगडी अंथरून बसले, तर समोर चिटपाखरू नाही. मी पाणी घेऊन गेले.

"गाव कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"मोहात गेलं, महाराज."

आता चैत्रात आमच्याकडचे लोक आणखी कुठं जाणार? पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ऊन चढायच्या आत तो वेचायचा, वाळवायचा, वर्षभर पुरवायचा. उकडून खा, भाकरीत घाला, आणि पुरुषमाणसं त्याचं आणखी जे काय गाळतात ते गाळा.

महाराजांचा चेहरा उतरला. "सगळं गाव?"

"बायापोरं सगळी. म्हातारे तर आधी."

"आणि तुम्ही?"

"मी आत्ताच जाऊन आले. बापाघरीही मोह होता, इथंही आहे. पण आमच्या सासूबाईंचा मोह गावात सगळ्यात मोठा. चार माणसांच्या कवेत मावत नाही."

महाराजांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, ध्यान लागलं.

संध्याकाळी देवळापुढं सारं गाव जमलं. महाराज म्हणाले, "मी आज फार व्यथित आहे. तुमच्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच आहे. मोह. सकाळी उठून तुम्ही मोहात जाता. त्यानं बुद्धी जाते, घर जातं. मोह सोडा, मोकळे व्हाल."

पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. बायांचे चेहरे मात्र उजळले. आणि माझ्या डोक्यात एक गुळाचा कागद फडफडला. त्यावर माणसाच्या सहा वैऱ्यांची नावं होती. बाकीची मुंगळ्यांनी खाल्लेली, उरली होती फक्त दोन. मोह, मद. पहिल्यांदा मोह, लगेच मद. याहून स्पष्ट कोण लिहिणार? मी उठून उभी राहिले.

"ऐका व बायांनो. महाराज दारूचं सांगून राह्यले. मोह सोडा म्हंते."

शेजारची मैनाबाई गोंडाची, बोलायला ठाम. ती म्हणाली, "दारूचं ठीक हाय. पन बाकीचं काय? फुलं खायची का नाई? टोळाचं तेल काढायचं का नाई?" टोळ म्हणजे मोहाचं फळ.

महाराज समोरच बसलेले. 'मोह म्हणजे नक्की काय धरायचं' असं विचारलं असतं तर तिथंच प्रकरण मिटलं असतं. पण मग मला येत नाही असं दिसलं असतं ना? म्हणून मी जाणत्यासारखा प्रश्न केला.

"महाराज, मोह सोडला. फळाचं काय करायचं?"

"फळाची आशा तर सर्वांत आधी सोडायची."

"पाह्य," मी मैनाबाईला म्हटलं, "तेलबी गेलं." आणि पुन्हा महाराजांना, "आणि बुडाचं?"

"मूळच उपटायचं, बाई. वरवर छाटून उपयोग नाही. तो पुन्हा फुटतो."

कसं अगदी शेतकऱ्यासारखं बोलले, बघा. शंकेला जागाच ठेवली नाही.

तेवढ्यात आमच्या सासूबाई उठल्या.

"आत्याबाई, कुठी चालल्या?"

"झाडापाशी," त्या म्हणाल्या. "तुह्या डोयात मले कुराड दिसून राह्यली."

मला चेव चढला. मारुतीच्या पायावर हात ठेवून मी भर गावात बोलले, "आजपासून मी मोहाच्या फुलाले हात लावणार नाई. आणि उद्या पह्यला मोह आमच्याच बांधावरचा पडन."

महाराज गहिवरले. "मला इतक्या वर्षांत जे साधलं नाही, ते ही माउली एका दिवसात करते आहे."

त्या रात्री मला काय सुखाची झोप लागली म्हणता.

सकाळी मी कुऱ्हाड घेऊन बांधावर. मागं आमचे धनी, पाय ओढत. त्यांच्या मागं बाया, टोपल्या घेऊन. झाड पडलं तर पडलं, तोवर फुलं तरी वेचू म्हणून. सासूबाई बुंध्याला पाठ लावून बसलेल्या.

"उठा, आत्याबाई."

"काऊन?"

"महाराजांनं सांगतलं. मोह सोडा."

"तुह्या महाराजांनं धान बुडालेलं साल पाह्यलं काय? त्या साली हे घर या झाडानं जगवलं. तुह्या नवऱ्याच्या अंगात जे हाडं हायेत नं, ते मोहाचे हायेत."

"यालेच तर मोह म्हंते."

"मंग पह्यले नवऱ्याले तोड. तोबी मोहाचाच हाय."

धनी झाडाच्या पलीकडे सरकले.

मैनाबाई पुढं आली. "आमच्यात झाडाची पूजा केल्याबिगर फूल तोंडात घालत नाई. तू कुराड घालून राह्यली. पाप कोनाच्या डोक्शावर?"

"महाराजांच्या," मी म्हटलं.

"मंग त्यायले आनतो मी," धनी म्हणाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना पळताना पाहिलं.

महाराज धापा टाकत आले. "कुणाला तोडताय?"

"हा काय." मी कुऱ्हाडीनं दाखवलं. "आत्याबाईचा मोह."

"हे तर झाड आहे."

"हो, मोह."

"कशाचा मोह?"

"कशाचा म्हंजे? मोहाचा."

महाराजांनी वर फांद्यांकडे पाहिलं. खाली फुलांच्या सड्याकडे पाहिलं, बायांच्या टोपल्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की काहीतरी फार चुकलंय, आणि ते झाडाचं नाही.

"चार माणसांच्या कवेत न मावणारा..." ते पुटपुटले.

"हाच."

"आणि सकाळी गाव मोहात जातं, ते..."

"इथीच येते," सासूबाई म्हणाल्या.

महाराज मटकन खाली बसले. आधी मला वाटलं, रडतायत. मग पोट धरलं तेव्हा कळलं. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बाई, मी मनातल्या मोहाचं बोलत होतो. हे माझं, मी मोठा, मला कळतं, हे जे आपण घट्ट धरून बसतो ना, तो मोह. या झाडाला कशाला दोष? ते तर रोज पहाटे असेल नसेल ते टाकून मोकळं होतं."

सासूबाईंनी माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. "'मले कळते', यालेबी मोह म्हंते का, महाराज?"

"तोच सगळ्यांत मोठा."

"मंग तुमी बरोबर सांगतलं होतं. झाड तेवढं चुकलं." आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच बुडाची माती उकरायचीय.

झाड वाचलं. बाया वेचायला वाकल्या. मीही वाकले, तर सासूबाईंनी टोपली ओढून घेतली. "तुले मारुतीची शपथ हाय. हात नाई लावायचा."

मी महाराजांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शपथ तुमची. मी कोण सोडवणारा?"

झालं. सारं गाव मोहात, आणि निर्मोही मी एकटी. गाव इथंच सापडतं म्हटल्यावर महाराजांनी आपली घोंगडी या झाडाखालीच आणली. वेचून झालं की बाया थोडा वेळ श्वास धरायच्या, सोडायच्या. मला मात्र एकच आसन आवडलं, शवासन. उताणं पडायचं, हातपाय सैल, मेल्यासारखं निश्चल. मी सगळ्यांच्या आधी येऊन अगदी भरल्या फांदीखाली पडायची. तोंड जरासं उघडं. शपथ हाताची होती, तोंडाचं काही बोलणं झालं नव्हतं.

महाराज खूश. एके सकाळी त्यांनी सगळ्या बायांना माझ्याभोवती उभं केलं. "पाहा. वैराग्य असं असतं. देह इथं आहे, पण बाई देहात नाही. कसली वासना नाही, कसली इच्छा नाही."

त्याच क्षणी वरून एक टपोरं फूल सुटलं आणि नेमकं आत पडलं. मी डोळे उघडले नाहीत. शरीराचा दुसरा कुठला भागही हलू दिला नाही.

मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"मैना, पाह्य व. मेलेली बाई चावून राह्यली."