दोन बाटल्यांतला हिरवा

म्युझियममधल्या माझ्या फेलोशिपचा शेवटचा महिना सुरू होता आणि एका पोथीने मला वेड लावलं होतं. जुनी, सोन्याच्या वर्खाची सचित्र पोथी. तिच्या काही पानांवरची झाडं नाहीशी झाली होती. कुणी कापली नव्हती. त्यांच्या हिरव्या रंगानेच कागद खाल्ला होता आणि झाडाच्या आकाराची भोकं उरली होती. पुढच्या काही पानांवर मात्र तोच हिरवा अगदी ताजा, काल लावल्यासारखा. असं का, हे सांगता आलं तर उरलेली पानं वाचवायचा रस्ता सापडणार होता आणि मला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाहीतर गाशा गुंडाळून डहाणूजवळच्या कैनाडला, घरी परत.

पोथीचा कणही काढायची परवानगी नव्हती. आमचं एक्स-रेचं यंत्र कागदाला न शिवता रंगात काय काय आहे ते सांगायचं. हिरव्यात त्याने सगळीकडे तांबं दाखवलं. ताज्या पानांवर कॅल्शियमही दाखवलं होतं, पण ते कागदाचं असेल असं म्हणून मी सोडून दिलं. मला घाई फार.

मग उरला एकच मार्ग, तो हिरवा स्वतः करून बघायचा. जुनी रीत सोपी आहे. आंबट पाण्यात तांब्याच्या पट्ट्या बुडवून ठेवायच्या आणि हिरवं झालेलं पाणी आटवायचं. मी बाजारातलं व्हिनेगर वापरून रंग केला, कागदावर लावला आणि कागद लवकर म्हातारा करणाऱ्या दमट, गरम पेटीत ठेवला. सगळे नमुने सारखेच जळले. पोथी गुजरातच्या किनाऱ्यावरची होती. तिथल्या चित्रकाराला सगळ्यात सहज मिळणारं आंबट काय? डहाणूची मुलगी असून ताडी सुचायला मला अकरा महिने लागले, याची अजून लाज वाटते.

शनिवारी घरी गेले तेव्हा आई मागच्या दारी तांब्याचा हंडा चिंच लावून घासत होती. झरीहून येणाऱ्या ताडीवाल्याकडून दोन बाटल्या घेऊन ठेव, असं मी तिला सांगितलं.

"ताडी? म्युझियमात?"

"प्यायला नाय गं. तांब्यावर हिरवा चढवायला."

तिने हंड्याच्या गळ्याशी धरलेल्या हिरव्या डागाकडे बोट केलं. "जन्मभर मी हा घासून काढते, आणि तू मुद्दाम पिकवणार. बरंय."

दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या तयार होत्या. मी त्या प्रयोगशाळेत आंबू दिल्या. दुसरी आंबायला फारच आढेवेढे घेत होती, तिच्यावर मी दोनदा चिडलेही. माझी भांडी लहान, म्हणून प्रत्येक बाटलीचा रंग वेगळा केला. दोन्ही हिरवे झाले, दोन्ही कागदावर लावले, दोन्ही पेटीत गेले.

पेटी उघडली तेव्हा पहिल्या बाटलीचा कागद तपकिरी होऊन बोटाखाली तुटला. दुसऱ्या बाटलीचा शाबूत. हिरवाही ताजा. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, म्हणाल्या, "काहीतरी चुकलंय. पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला आनंद व्हावा की रडू यावं ते कळेना, कारण का झालं ते माहीत नसेल तर त्या नमुन्याला काडीची किंमत नव्हती. मी आईला फोन लावला.

"आई, दोन्ही बाटल्यांत ताडीच होती ना?"

"एकीत नीरा हाय."

"काय?"

"दोन दोन बाटल्या ताडी घेऊन गाडीत बसणार, तिकडे मोठी माणसं. वासाने काय म्हणतील? एक तरी गोड असू दे म्हटलं. उरली तर तुझ्या मॅडमला प्यायला."

मी संतापाने ओरडणार, तेवढ्यात मला नीरेचं मडकं आठवलं. नीरा आंबू नये म्हणून ताडीवाला मडक्याला आतून चुना लावतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि चुना म्हणजे कॅल्शियम.

फोन टेबलावर टाकून मी यंत्राकडे पळाले. त्यातून आईचं "हॅलो, हॅलो" चालूच होतं. ताज्या पानावरचा हिरवा मोजला. शेजारचा कोरा कागद मोजला, जो मी अकरा महिन्यांत एकदाही मोजला नव्हता. हिरव्यात कॅल्शियम भरपूर, कोऱ्या कागदात जेमतेम. भोकांच्या कडेला उरलेल्या हिरव्यातही तेवढंच जेमतेम. मॅडमनी मला बाजूला करून सगळं स्वतः पुन्हा मोजलं. आम्ल कागद खात होतं आणि चुन्याने त्याला आवरलं होतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मुदतवाढीचा अर्ज आजच लिही." त्या दिवशी मी इतकी खूश होते की जिन्यावर भेटेल त्याला चुन्याबद्दल सांगत सुटले.

वर्ष मिळालं. पहिल्याच महिन्यात आईला म्युझियम दाखवायला आणलं. भोकं पडलेलं पान बघून ती म्हणाली, "वेळेवर घासलं नाय कोणी." मग ताज्या पानापुढे बराच वेळ उभी राहिली. मी तिला सगळं शास्त्र ऐकवलं आणि शेवटी कबूल केलं की चित्रकाराने चुना मुद्दाम घातला की तो नकळत आला, एवढं मात्र कुठलंच यंत्र सांगू शकत नाही.

"त्याला यंत्र कशाला?" आई काचेवरून नजर न काढता म्हणाली. "त्यालाही घरातून कोणी ताडी नेऊ दिली नसेल."