पारूआजींच्या नाकाला लावलेली टेप

मंडळी, दुपारच्या पाळीला जाताना वसाहतीच्या या फलकापाशी जरा थांबा.

माझी चौदा वर्षांची पुतणी सुमन नवा कॅमेरा शिकतेय. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते ओळखून कॅमेऱ्याच्या भिंगावर तेवढा आकडा लावावा लागतो. तिचा अंदाज चुकला आणि पहिला अख्खा रोल धूसर आला. "काका, नकोच मला तो कॅमेरा," म्हणून रुसली.

आज मी तिला अंतर मोजायला शिवणाची टेप दिली. दूध घालायला आलेल्या पारूआजी फोटोसाठी दगडासारख्या ताठ बसल्या. सुमनने टेपचं टोक त्यांच्या नाकाला लावलं.

"आगं, नाकाला झबलं शिवतीस व्हय?"

आजींचं हसू थांबेना. तेवढ्यात सुमनने आकडा लावून खटका दाबला!

रोल अजून संपायचाय, मग पुण्याहून धुऊन यायचाय. पण पोरगी आता कॅमेरा खाली ठेवत नाही. उद्या सकाळी टेप घेऊन तुमच्या दारी येईल. नाक पुढे कराल ना?