डाव्या बाजूचा ब्रेक

धड रस्ता सोडून दगडधोंड्यांत गाडी घालायचं वेड माणसाला लागतं तरी कसं, असं कुणी विचारलं की मी माझ्या वहिनींची गोष्ट सांगायला घेतो. अर्ध्यावर आलो की मला हटकून काहीतरी काम आठवतं. आज आठवू द्यायचं नाही असं ठरवून बसलोय.

मी गाडी शिकवतो, अठ्ठावीस वर्षं झाली. शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे, आणि माझ्या पायाशीही एक क्लच, एक ब्रेक. शिकणारा चुकला की मी दाबतो. चुकेल असं वाटलं तरी दाबतो. त्यामुळे शिकणारी मंडळी मला माझ्या पाठीमागे ‘करकचून’ म्हणतात. जेवणाच्या टेबलावर कुणी पाण्याचा जग जरा जोरात सरकवला तरी खाली माझा उजवा पाय जमिनीत रुततो. बायको म्हणते, हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. पण स्कूलच्या पाटीवर नावाखाली ‘एकही अपघात नाही’ अशी ओळ होती, आणि ती ओळ त्या पायाने कमावलेली होती. मला तिचा फार गर्व होता.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत. टेकड्यांवरच्या टाक्यांतून पाण्याचे नमुने येतात, त्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, तपासणी झाली की बाटल्या धुवायच्या. चिठ्ठीवरचं त्यांचं अक्षर छापल्यासारखं. आमचा दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि आयुष्यही तितक्याच जपून हाताळतो. वीस वर्षांच्या संसारात वहिनींनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या एका मंगळवारी डब्याची पिशवी घेऊन थेट माझ्या स्कूलमध्ये आल्या.

“भाऊजी, मला गाडी शिकवा. आणि ह्यांना एवढ्यात बोलू नका.”

टाक्यांवर जाऊन नमुने आणणारे ड्रायव्हरकाका निवृत्त व्हायचे होते. ज्याला त्या वाटांवर गाडी नेता येईल त्याला ते काम मिळेल, असं पत्रक ऑफिसने लावलं होतं. सगळे पुरुष हात वर करून मोकळे झाले, कारण त्या वाटा म्हणजे नुसते दगड. वहिनींनी मात्र अर्ज नेला. पंचेचाळीसाव्या वर्षी.

खरं सांगतो, सरळ रस्त्यावर वहिनी अगदीच सुमार होत्या. सिग्नलला गाडी बंद पडायची. मागून हॉर्न वाजला की त्या आरशात बघून “सॉरी हं” म्हणायच्या, जणू त्या हॉर्नवाल्याला ऐकू जाणार होतं. मी मनात म्हटलं, ह्यांचं काही खरं नाही. तरी वाट एकदा दाखवावी म्हणून स्कूलची जुनी जीप काढली. तिलाही डाव्या बाजूला मी पेडलं बसवून घेतलेली होती.

डांबर संपलं तिथे मी म्हटलं, “थांबा. इथून मागे घ्यायची. पुढे रस्ता नाही.”

“टाकी तर आहे की,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.

पुढचं चाक घळीत उतरलं, मागचं उचललं, डबा मागे कुठेतरी घरंगळत गेला. शंभर पावलांत मी तीनदा ब्रेक दाबला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तो पाय चक्क दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.

“भाऊजी, तुमचा पाय आवरा. मला तो दगड बघू द्या.”

त्यांनी तो दगड पाहिला. मग त्याच्या पुढचा. चालत्या माणसाने मागे टाकावं इतक्या हळू आम्ही जात होतो. लोकांना वाटतं हे वेड वेगाचं असेल. अजिबात नाही. वहिनींना वेड लागलं ते त्या सावकाशीचं. टाकीपाशी पोचल्यावर त्या उतरल्या, आलेल्या वाटेकडे वळून बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. इतकं मोठ्याने हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

“इथे मागून कुणी हॉर्न वाजवत नाही,” त्या म्हणाल्या. “गाडी विचारते, मी सांगते, आणि ती ऐकते. आमच्या घरात अशी पद्धत नाही.”

त्यानंतर दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जायला लागलो. तोवर दादाला शिकण्याचं कळलं होतं, पण खाणीचं नाही. “पार्किंग शिकवतोय,” असं मी त्याला सांगत असे. दोन महिने पार्किंग! दादा म्हणाला, “एवढ्यात तर विमान लावता येतं.”

वहिनींची स्वतःची रीत होती. उतार आला की आधी पायी जायचं. पायाने दगड हलवून बघायचे आणि जे हलणार नाहीत त्यांच्यावर खडूने फुली मारायची. मग परत येऊन त्या फुल्यांवरून चाकं न्यायची. ड्रायव्हरकाकांनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. सुट्या खडीच्या उतारावर ब्रेकला शिवायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक लागला की चाकं अडकतात, आणि अडकलेलं चाक खडीवरून घसरतच जातं. म्हणून वहिनी उतारावर दोन्ही पाय उचलून सीटखाली घडी घालून बसायच्या. “मोह नको,” म्हणायच्या.

आणि मी? तोवर सव्वीस वर्षं माझा पाय एकच गोष्ट शिकला होता.

ऑफिसच्या चाचणीला आठ दिवस होते. खाणीतला सगळ्यात मोठा उतार त्यांनी दोनदा पायी उतरून पाहिला, फुल्या मारल्या, वर आल्या, बसल्या, पाय सीटखाली घेतले. गाडी निघाली. सगळं व्यवस्थित चाललं होतं, हे मी शपथेवर सांगतो. अर्ध्या उतारावर जीपचं नाक जरा खाली गेलं, समोर नुसती खोल खाण दिसली आणि माझ्या पायाने मला न विचारता करकचून ब्रेक दाबला.

चाकं अडकली. खडीचा आवाज झाला. मागची बाजू फिरून पुढे आली, जीप आडवी झाली आणि एका दगडावर आदळून उजव्या कुशीवर कलंडली. मला गुडघ्याला खरचटलं. वहिनींचं उजवं मनगट मोडलं.

बाहेर काढल्यावर त्या दगडाला टेकून बसल्या होत्या, हात पोटाशी धरून. चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता मला शिव्या घालतील. त्यांनी विचारलं, “भाऊजी, मी पाय टाकला का हो ब्रेकवर?”

मला पाटी आठवली. दादा आठवला. सव्वीस वर्षं आठवली. खोटं सांगत नाही, एवढं सगळं एका क्षणात आठवतं माणसाला.

मी म्हणालो, “बहुतेक.”

दवाखान्यात दादा धावत आला. वहिनींनीच त्याला सांगितलं, “माझाच पाय पडला. घाबरले मी.” मी शेजारी उभा राहून मान हलवली आणि वर म्हणालो, “होतं असं. नवीन माणसाचं होतंच.” खापर त्यांनी स्वतःच उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी नुसता तोल सांभाळायला हात लावला.

त्यांनी अर्ज मागे घेतला. काम दुसऱ्या खात्यातल्या एका माणसाला गेलं. वहिनी बाटल्या धूत राहिल्या. मनगट जुळलं, पण अक्षर पहिल्यासारखं आलं नाही, जरा तिरकं पडायला लागलं. जीप मी दुरुस्त करून घेतली आणि स्कूलच्या मागे कापड टाकून उभी केली. पाटी तशीच ठेवली. कुणी विचारलंच तर म्हणायचो, तो काही धड्यातला अपघात नव्हता.

आणि मी फार चांगला वागायला लागलो. दादाच्या घरी जाताना फळं न्यायचो. नळ गळत असला तर दुरुस्त करायचो. वहिनींच्या वाढदिवसाला घड्याळ नेलं. बायको म्हणाली, “तुम्हाला झालंय काय? माझ्या वाढदिवसाला तर तुम्ही मला विचारता की आज तारीख काय.” चोराने रोज येऊन त्याच घराचं अंगण झाडावं, तसं माझं चाललं होतं. अशी दोन वर्षं गेली.

मग नमुने आणणारा तो माणूस दुसरीकडे गेला. जागा पुन्हा रिकामी झाली. वयाच्या अटीमुळे वहिनींना ही शेवटची संधी होती आणि अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. हे मला दादाच्या गाडीत कळलं. आम्ही एका नातेवाइकाला भेटून परतत होतो. दादा चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे.

“भरा की अर्ज,” मी म्हणालो. आवाज मलाच परका वाटला.

“नको हो,” वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात पुलाचा उतार लागला. साधा, गुळगुळीत, डांबरी उतार. मागून मला दिसलं, वहिनींनी दोन्ही पाय उचलले आणि सीटखाली घडी घातली. दादाच्या गाडीत त्या बाजूला पेडल नाही, काही नाही. नुसती चटई.

दादा हसून म्हणाला, “हे बघ, अजून तेच. दोन वर्षं चाललंय हिचं.”

“माझ्या पायांचा काय भरवसा,” वहिनी म्हणाल्या. त्याही हसल्या. उतार संपेपर्यंत पाय मात्र खाली ठेवले नाहीत.

मला हसता आलं नाही. खाणीतल्या त्या एका शब्दाने मी त्यांच्या पायांना जन्माचे चोर ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो. वहिनी मोरीपाशी उभ्या होत्या. बाटलीत ब्रश फिरवायचा, तीनदा विसळायची, पालथी घालायची. मी दाराशी उभा राहूनच बोललो, कारण आत गेलो असतो तर पुन्हा काहीतरी काम आठवलं असतं.

“वहिनी, खाणीत ब्रेक मी दाबला होता.”

त्यांनी हातातली बाटली विसळली. एकदा, दोनदा, तीनदा. पालथी घातली.

“माझे पाय कुठे होते?”

“सीटखाली.”

“नीट सांगा.”

“दोन्ही पाय सीटखाली होते. घडी घालून. तुम्ही कशालाही शिवला नव्हतात. गाडी उतरत होती. तुम्ही ती उतरवलीच होती.”

नळ चालू होता. आयुष्यात कधी त्यांनी पाणी वाया जाऊ दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“‘बहुतेक’ म्हणाला होतात,” त्या म्हणाल्या. “मला तो शब्द पाठ आहे. झोपताना, उठताना. मी म्हणायचे, भाऊजींनाही नक्की माहीत नाही, म्हणजे कदाचित नसेलही. आणि मग म्हणायचे, ते एवढे शिकवणारे, त्यांना वाटतंय म्हणजे असेलच.”

“वहिनी, मला माफ...”

“ह्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग जा. ते सांगा. माफीचं नंतर बघू.”

दादाला मी दुकानातच गाठलं. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मला वाटलं हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “दोन वर्षं मी तिला हसतोय रे.” एवढंच. मग आलेल्या गिऱ्हाइकाला काच दाखवायला लागला. पाटीवरची ती ओळ मी त्याच संध्याकाळी खरवडून काढली.

शुक्रवारी वहिनींनी अर्ज दिला. रविवारी त्या स्कूलमध्ये आल्या, जीपवरचं कापड स्वतः ओढून काढलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी सवयीने डाव्या बाजूचं दार उघडलं.

“तिथे नाही,” त्या म्हणाल्या. “खाणीपर्यंत मागे बसा. तिथे गेल्यावर खाली उभं राहायचं.”

मी मागे बसलो. खाणीत त्यांनी मला उताराच्या पायथ्याशी उतरवलं, वळसा घालून जीप वर नेली. मग पायी खाली आल्या. दगड हलवून बघत, फुल्या मारत. जुन्या फुल्या केव्हाच धुऊन गेल्या होत्या. माझ्यापासून दहा पावलांवर शेवटची फुली मारली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा वर चढल्या.

गाडी निघाली. इंजिनचा तो दबका, धरून ठेवणारा आवाज ऐकू येत होता. अर्ध्या उतारावर, अगदी त्याच जागी, जीपचं नाक खाली गेलं. ती एक फुली ओलांडून दुसरीवर आली, दुसरीवरून तिसरीवर. सावकाश. आणि सपाटीवर आली.

मी हात वर करून पुढे झालो. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या, पहिल्या दिवशी टाकीपाशी हसल्या होत्या तशा, पण माझ्याकडे बघून नाही. जीप माझ्या शेजारून गेली. थांबली नाही. खाणीच्या तोंडाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

थोडा वेळ मी वाट पाहिली. मग कळलं की ती परत येणार नाही, आणि यावी असा माझा काही हक्कही नाही. निघायला पाय उचलला तेव्हा खाली लक्ष गेलं. मी उभा होतो तिथल्या खडीत माझ्या उजव्या बुटाखाली चांगला चार बोटं खोल खड्डा पडला होता. त्या उतरत होत्या तेवढा सगळा वेळ मी ब्रेक दाबून धरला होता.

खड्डा पायाने बुजवला आणि चालत घरी आलो.