काचेवरची टकटक

दहिवलीच्या नाक्यावर त्यांचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. बोलायचं झालं की आधी चष्मा कपाळावर चढवतात, मग मोजकंच बोलतात. पूर्वी तिथेच त्यांचा एसटीडी बूथ होता. गिऱ्हाईक पैसे आधी ठेवायचं आणि ते संपत आले की हे किल्लीने काचेवर टकटक करायचे. मग माणसाला नीट निरोप घेता यायचा.

परवा मुंबईहून एक वकील आले. मोबाइलमधली शिल्लक संपण्याआधी सूचना देण्याच्या तंत्रावरून दोन कंपन्यांत पेटंटचा खटला चालू आहे. ही कल्पना जुनीच आहे, हे वकिलांना दाखवायचं होतं. यांचं प्रतिज्ञापत्र टाइप करायला मी होतो. ‘ही युक्ती मी स्वतः शोधली’ असं वकिलांनी सांगितलं, तसं मी टाइप केलं.

यांनी कागद वाचला, चष्मा वर चढवला आणि पेन खाली ठेवलं.

"मी नाय शोधली. कोंडाण्याची एक बाई लेकीला फोन करायची. एकदा मधेच तुटला तशी बोलली, 'तोडायच्या आधी हाक तरी मार रं.' तिचं लिवा."

"नाव काय तिचं?"

"कधी इचारलंच नाय."

वकील वैतागले. "काका, खटल्याला त्यानं काय फरक पडतो?"

"नाय ना पडत? मग खरंच लिवा की."

वाक्य बदललं, तेव्हाच सही झाली.

नंतर मी विचारलं, तुमच्यावर चार ओळी लिहू का?

चष्मा वर गेला. "लिवा. पण तिचं नाव नाय, तर माझंबी नको."