पायावरची झोप

तुंगाबाईंना सिद्धीच्या घरी मी कामाला लावून दिलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. आमचे वासुदेवराव म्हणतात, गल्लीतल्या कुणाबद्दलही बोलायचा पहिला हक्क राजलक्ष्मीबाईंनी स्वतःकडेच ठेवलाय. म्हणोत बापडे. दिवसभर दुकानात बसून स्टीलची भांडी विकणाऱ्या माणसाला घराच्या जिन्यावर काय चाललंय ते कुठून कळणार?

घर आमचं जे. पी. नगरात. खाली आम्ही, वर भाडेकरू. सध्या पुण्याहून आलेलं जोडपं आहे, सिद्धी आणि शुभंकर. दोघंही कॉम्प्युटरवाले. तो घरूनच काम करतो, ती महादेवपुऱ्याला ऑफिसात जाते, म्हणजे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. त्यांची लेक आसावरी. नाव मोठं आणि पोर एवढीशी, म्हणून सगळे तिला सावी म्हणतात.

सावी पालथी पडायला लागली आणि सिद्धीची बाळंतपणाची रजा संपत आली. तेव्हा ती खाली येऊन म्हणाली, "काकू, कुणी चांगल्या मावशी मिळतील का हो? एजन्सीच्या मुलींनी माझं डोकं फिरवलंय." एक मुलगी मोबाइलमधून मान वर काढत नव्हती, आणि दुसरी, सावी रडायला लागली की, स्वतःही रडायची. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, तुंगाबाई.

तुंगाबाई आमच्यातल्याच, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे कानडी मुलखात राहिलेल्या मराठी. वडील चिकपेटेत शिंपीकाम करायचे. नवरा लवकर गेला, पदरात मुलगा, शिवणाचं मशीन दिरानं उचलून नेलं. तेव्हा शेजारच्या डॉक्टरीणबाईंचं बाळ सांभाळायला घेतलं आणि तेच जन्माचं काम होऊन बसलं. आता त्यांनी वाढवलेली पोरं मोठमोठ्या गाड्या चालवतात आणि रस्त्यात दिसल्या की गाडी थांबवून "अक्का, कशा आहात?" म्हणून विचारतात. त्या दिवशी तुंगाबाईंची मान दिवसभर ताठ असते. एरवीही फारशी वाकलेली नसते म्हणा. हाडापेरानं मजबूत बाई, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, केसांत अबोलीचा गजरा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

पहिल्याच दिवशी त्यांनी सिद्धीला समोर बसवून सांगितलं, "बाळाचं सगळं मी करीन. मालिश, अंघोळ, खिमट, तिचे कपडे. मोठ्या माणसांची भांडी नाही, भाजी चिरणं नाही. आणि बेल वाजली की दार उघडायला मी जायची नाही. दाराकडे गेलं की मागं मूल पडतं."

सिद्धीला ते फारच आवडलं. तिनं लगेच आपलंही सांगून टाकलं, "आणि मावशी, तुम्हाला रोज ब्रेक हवाच. सावी दुपारी झोपली की तो वेळ तुमचा. निवांत जेवा, आडव्या व्हा, टीव्ही लावा."

"सरी, ठीक आहे," तुंगाबाई म्हणाल्या. मीही समाधानानं मान हलवली. पुण्याची असली तरी पोरगी माणुसकीची आहे, असं मनात आलं. घोळ तिथेच झाला होता, पण तो तेव्हा आम्हा तिघींपैकी एकीच्याही लक्षात आला नाही.

सावीसाठी पुण्याहून पाळणा आला होता, पांढरा, जाळीचा, चाकं असलेला. तुंगाबाईंनी त्याला एकदा हलवून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, पाय लांब केले, पायांवर मऊ दुपटं टाकून सावीला आडवी केली आणि पाय हळूहळू हलवत गुणगुणायला लागल्या. दुपारभर घर डोक्यावर घेणारी पोर बघता बघता झोपली. सिद्धीला तर रडूच आलं. आपल्याकडे मुलं अशीच झोपवतात. माझी दोन्हीही माझ्या पायांवरच झोपली. पण मी घरात होते, सासूबाई होत्या, जाऊ होती. एकीचे पाय अवघडले की दुसरीचे हजर असायचे.

थोड्याच दिवसांत सावी दुपारची दुसरीकडे कुठे झोपेनाशी झाली. तुंगाबाईंनी ही गोष्ट फुलवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. "माझ्या पायाशिवाय डोळा मिटत नाही पोरीचा!" सरकारनं शाल-श्रीफळ द्यावं असा आवाज असायचा.

सिद्धीनं खोलीत कॅमेरा लावला होता. ऑफिसातून मधूनमधून ती मोबाइलवर बघायची. एका रविवारी तिनं मलाही आठवड्यातलं चित्रण दाखवलं. "बघा ना काकू, सावी झोपली की मावशी किती वेळ शांत बसलेल्या असतात. त्यांनाही आराम मिळतो." मी चष्मा लावून बघितलं. तुंगाबाई खरंच शांत बसल्या होत्या. मीही म्हटलं, छान. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही.

मग तुंगाबाई बदलायला लागल्या. जिना उतरताना कठडा धरायला लागल्या. जाताना माझ्याकडे घोटभर कॉफी घ्यायच्या, ती बंद झाली. फुलवाल्याशी एका मोळासाठी भांडल्या, म्हणजे हातभर गजऱ्याचं माप कोपरापर्यंत भरलं नाही म्हणून. मला वाटलं, घरी सुनेशी काही बिनसलं असेल. आणि एका मंगळवारी संध्याकाळी माझ्या दारात उभं राहून म्हणाल्या, "अक्का, शुक्रवारपासून मी यायची नाही. तुम्ही सांगा सिद्धीम्माला."

"अहो, पण झालं काय?"

"काही नाही. बेडा. नकोच आता." आणि गेल्या.

सिद्धी आली तेव्हा मी जिन्यातच तिला सांगितलं. ती खांद्यावरच्या बॅगेसकट पायरीवर बसली. "काकू, माझे बाबा आजारी आहेत, आई येऊ शकत नाही. मावशी गेल्या तर मला नोकरी सोडावी लागेल. पुन्हा नवीन बाई शोधून, पुन्हा सावीला तिची सवय होईपर्यंत थांबायचं, तेवढी रजाच नाहीये माझ्याकडे." एवढी शिकलेली, चार माणसांना कामाला लावणारी पोरगी माझ्या जिन्यात लहान मुलीसारखी नाक पुसत बसली होती. मला तिची कीव आली आणि तुंगाबाईंचा असा राग आला की रात्री माझी पोळी करपली. माझ्या शब्दावर त्यांना घरात घेतलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडायच्या तयारीनंच वर गेले. काय काय बोलायचं ते पायऱ्या चढताना पाठ करून ठेवलं होतं. शुभंकरनं कानाला यंत्र लावलेल्या अवस्थेत दार उघडलं, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि आपल्या खोलीत गेला.

तुंगाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, पाय लांब केलेले, पायांवर सावी गाढ झोपलेली. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आता आली का पंचाईत! मी समोर बसले आणि कुजबुजत भांडायला लागले. कुणी कधी कुजबुजत भांडून बघावं. रागातला अर्धा जीव तिथेच निघून जातो.

"तिला तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून माझ्याकडे निरोप देता?"

"हळू बोला."

"कारण तरी सांगाल की नाही?"

"नाही."

तेवढ्यात मला खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचा डबा दिसला. झाकण तसंच.

"जेवला नाहीत अजून?"

"जेवीन की. ही उठली की."

"ती उठल्यावर तिचं खिमट, तिचं दूध. मग?"

"मग उभ्या उभ्या दोन घास खाते."

"आणि पाणी?"

"पाणी स्वल्पच पिते. मधेच बाथरूमला उठावं लागलं तर?"

मी त्यांच्या पावलांकडे बघितलं. घोट्याशी सुजलेली. बोटं त्या एकसारखी आत-बाहेर करत होत्या, मुंग्या आल्यावर करतात तशी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सिद्धीनं त्यांना सुट्टी दिली होती, ती नेमकी बाईला जागचं हलताही येत नाही त्या वेळात. कॅमेऱ्यात आराम दिसायचा आणि इकडे पायात बेडी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणाऱ्याला पत्ताच नाही.

"मग पाळण्यात का ठेवत नाही तिला?"

"ठेवून बघा."

मी दोन मुलं वाढवलेली बाई. अलगद उचलली, अलगद ठेवली. सावीनं एक डोळा उघडला, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि असा टाहो फोडला की शुभंकर पळत बाहेर आला. तुंगाबाईंनी हात पुढे केले. पोर पुन्हा त्यांच्या पायांवर गेली आणि झोपली. तशातही तुंगाबाईंनी माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलंच. हे सगळं त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

"अहो, मग सिद्धीला सांगायचं ना!"

त्यांनी दुपटं सारखं केलं. मग सावीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "काय सांगू, अक्का? पाय दुखतात म्हणून? पाय दुखतात म्हटलं की झालं. मावशी म्हातारी झाली म्हणतील आणि एजन्सीतनं तरुण पोरगी आणतील. आतापर्यंत मला कुठल्या घरानं जा म्हटलेलं नाही. कुणी म्हणायच्या आधी मीच गेलेली बरी."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. पाठ करून आणलेलं सगळं भांडण विरून गेलं. मी उठून डबा आणला, उघडला आणि त्यांच्यासमोर धरून बसले. चित्रान्न होतं. मी भरवते म्हटलं तर डोळे वटारले. शेवटी स्वतःच्या हातानं जेवल्या, सावीच्या अंगावर एक शीतही न सांडता.

संध्याकाळी मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. सिद्धी आल्यावर सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवलं आणि जे पाहिलं ते सांगितलं. तुंगाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. सिद्धीचा चेहरा उतरला. "पण मला तर रोज दिसायचं, मावशी निवांत बसल्यात."

"बसलेच होते की," तुंगाबाई म्हणाल्या.

"सुट्टी सावी झोपल्यावर नाही द्यायची," मी म्हटलं. "ती जागी असताना द्यायची. पोर खेळत असताना तिला दुसरं कुणी सांभाळेल. झोपताना तिला हेच पाय लागतात."

"पण तेव्हा कोण सांभाळणार?" असं सिद्धी म्हणाली आणि म्हणता म्हणता शुभंकरकडे वळली. मीही वळले. तुंगाबाईसुद्धा.

"दुपारी माझे कॉल्स असतात गं," तो म्हणाला.

"मला कॉल्स नसतात?"

पोरगा वाईट नाही. मान खाजवली, मोबाइलमध्ये खालीवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "ठीक आहे. जेवणाच्या वेळचा एक तास मोकळा ठेवतो. रोज."

आता अडून बसल्या त्या तुंगाबाईच. "सरांना जमायचं नाही. लंगोट उलटा बांधतात."

"शिकेन ना मावशी."

"आणि शिकल्यावर?"

शुभंकरला त्याचा अर्थ कळला नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण सिद्धीला कळला होता. ती उठून तुंगाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. "तो शिकला तरी त्याचा फक्त एक तास. बाकीचा दिवस तुमचाच आहे मावशी. पाळण्याची सवयही आपण हळूहळू लावू, तुम्हीच लावा. दमलात तर मला सांगा, माझ्यावर ओरडा. पण न सांगता जाऊ नका हो."

तुंगाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "बघते," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या. शुक्रवारचं काय, हे विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.

गुरुवारी दुपारी डबा घेऊन त्या खाली माझ्याकडे आल्या. वर सावी समोर दिसली की हात शिवशिवतात, म्हणून इथे. मी गरम भात आणि सारू वाढलं. पहिला घास घेतला आणि त्या छताकडे बघत बसल्या. "आता रडेल बघा." नाही रडली. वर काहीतरी धप्पकन पडलं. मी दचकले. पाठोपाठ सावी खिदळल्याचा आवाज आला.

"हसतेय," तुंगाबाई म्हणाल्या. घरात चोरी झाल्यासारखा चेहरा. "बेइमान पोरगी!" मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या आणि ताटाकडे वळल्या. सावकाश जेवल्या, दोनदा भात घेतला, तांब्याभर पाणी प्यायल्या. आतल्या खोलीत मी चटई टाकून वासुदेवरावांची उशी दिली. नको नको म्हणत आडव्या झाल्या आणि पाठ टेकताच घोरायला लागल्या.

सिद्धीचा फोन आला. "काकू, मावशी कुठे आहेत? कॅमेऱ्यात दिसत नाहीत."

"झोपल्यात."

पलीकडून तिनं असा मोठा श्वास सोडला की मला इथे ऐकू आला. तास संपता संपता शुभंकर सावीला खांद्यावर घेऊन जिना उतरला. लंगोट खरंच वाकडा होता. तुंगाबाईंचं घोरणं ऐकून तो दारातच थांबला. "उठवू नका काकू. अजून थोडा वेळ आहे माझ्याकडे," असं हळूच म्हणून तसाच परत गेला.

तुंगाबाई आपल्याआपण उठल्या. गडबडून गजरा सारखा केला, पदर खोचला, आणि कठडा न धरता दोन पायऱ्या चढल्या. मी दारात उभी. विचारू की नको, विचारू की नको, असं चाललं होतं. तोच त्या मागे वळल्या.

"तुमची उशी फार उंच आहे, अक्का. मान धरते. उद्या मी घरनं माझी आणून ठेवते."

उद्या शुक्रवार होता. मी "सरी" एवढंच म्हटलं, दार लावून घेतलं आणि सिद्धीला फोन लावला.